स्वस्तातली नसबंदी कुठे करून घ्यावी

कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीचा दर विचारायला चार ठिकाणी फोन लावला की चार वेगळे आकडे कानावर पडतात. फरकही थोडाथोडका नसतो, एकाच कुत्रीसाठी एक जागा दुसरीच्या कितीतरी पट सांगते. मग पहिली शंका येते ती स्वस्तवाल्यावर: याच्याकडे काहीतरी काटछाट असणार. ही शंका अधूनमधून खरी ठरते, म्हणून ती धुडकावू नये. पण नुसत्या आकड्यावरून ती ठरवताही येत नाही.

मादीच्या ऑपरेशनचा खर्च उलगडून बघा. भुलीची औषधं, धागा, हातमोजे, गॉज यांचा वाटा त्यात लहान. मोठा वाटा जातो डॉक्टरांच्या आणि मदतनिसांच्या वेळेला, जागेला, यंत्रांना. आठवड्याला दोन नसबंद्या करणाऱ्या दवाखान्यात हा सगळा डोलारा त्या दोघींच्याच बिलावर बसतो. दिवसाला वीस-पंचवीस होतात तिथे तो तेवढ्यांत वाटला जातो. शिवाय रोज हेच काम करणाऱ्या हाताला मांजरीच्या नसबंदीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, क्वचित करणाऱ्याला तेच काम पाऊण तास धरतं. भूल जितकी थोडा वेळ, तितकं अंग कमी गार पडतं आणि जनावर लवकर उठतं. तेव्हा स्वस्त जागेचा वेग हा तिचा गुणही असू शकतो.

म्हणून खालच्या प्रत्येक पर्यायाला आम्ही एकच प्रश्न लावला आहे: पैसे नेमके कशात वाचवले? वेळेत आणि जागेत वाचवले असतील तर खुशाल जा. धाग्यात, वेदनाशामकात, निर्जंतुकीकरणात किंवा भुलीच्या देखरेखीत वाचवले असतील तर तेच पैसे पुढे दामदुपटीने जातात.

कायम चालणारं नसबंदी केंद्र

प्राणिसंस्था चालवतात ती केंद्रं, जिथे नसबंदी आणि लसीकरण सोडून फारसं दुसरं काही होत नाही. तब्येतीने ठीक असलेली मांजर, बोका, लहान किंवा मध्यम चणीचा कुत्रा यांच्यासाठी आमची पहिली पसंती हीच. सकाळी उपाशीपोटी नेऊन द्यायचं. तिथे वजन होतं, हृदय ऐकतात, हिरड्या बघतात, गळ्यात नंबराचा पट्टा बांधतात. दुपारपर्यंत ऑपरेशन, संध्याकाळी घरी.

चांगलं केंद्र ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे हत्यारांचा संच. प्रत्येक जनावराला वेगळा, कापडात किंवा कागदी पाकिटात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये वाफवलेला संच हवा. त्या बांधणीवर एक फिकट टेप चिकटवलेली असते, वाफेत तापली की तिच्यावरच्या तिरक्या रेघा काळ्या पडतात. रेघा काळ्या झाल्या म्हणून आतलं सगळं निर्जंतुक झालंच असं नाही, पण त्या फिकटच राहिल्या असतील तर विषय संपला. टेप दाखवा म्हटल्यावर नीट चाललेल्या जागी कोणी रागावत नाही. उलट, एकाच ट्रेमधल्या द्रावणात हत्यारं बुचकळून एकामागून एक जनावर उरकत असतील, तर फुकट असलं तरी परत फिरा. शेल्टरमधल्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने अशा केंद्रांसाठी २००८ मध्ये नियमावली काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. दर जनावराला स्वतंत्र निर्जंतुक संच ही तिच्यातली पायाभूत अट आहे. जास्त संख्या म्हणजे कमी दर्जा, हे समीकरण तिथे कुणी धरलेलं नाही.

दुसरी खूण भुलीच्या टेबलावर. ऑपरेशन करणारा वेगळा आणि भुलीवर नजर ठेवणारा वेगळा हवा. जिभेला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा लावलेला असावा आणि त्यावर ऑक्सिजनचा आकडा ९५ च्या वर असावा. आकडा घसरला तर द्यायला ऑक्सिजनचं सिलिंडर आणि श्वासनलिकेत घालायची नळी हाताशी असावी. काही ठिकाणी सगळं काम झायलाझिन आणि केटामाइन या इंजेक्शनांवर भागवतात. ही जोडी स्वस्त आहे आणि जाणत्या हातात बऱ्यापैकी चालते, पण शुद्धीवर आल्यावर दुखणं थांबवत नाही. म्हणून सरळ विचारा, ‘दुखण्यासाठी काय देता?’ उत्तरात मेलोक्सिकॅम किंवा सूज-दुखणं कमी करणाऱ्या त्याच वर्गातलं दुसरं औषध, नाहीतर ब्युटॉर्फेनॉलसारखं वेगळ्या वर्गातलं वेदनाशामक, असं ठोस नाव यायला हवं. ‘जनावरांना तेवढं दुखत नाही’ असं उत्तर आलं तर पुढचा पत्ता शोधा.

केंद्रांच्या उणिवाही आहेत. रक्ततपासणी बहुतेकदा पॅकेजमध्ये नसते. रात्री कोणी नसतं. टाका सुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. नेण्याआधीच विचारून ठेवायचं: रात्री दहा वाजता रक्त यायला लागलं तर फोन कोणाला करायचा? नंबर मिळाला तर उत्तम. नाहीतर चोवीस तास उघड्या असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आपणच काढून ठेवायचा.

आणखी एक गोष्ट, जी आधी कोणी सांगत नाही. अशा केंद्रांत भटक्या जनावरांचंही काम चालतं, आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून भटक्यांच्या कानाचं टोक कापतात किंवा कानाला खाच पाडतात. घरच्या जनावराच्या कागदावर ‘कान कापू नये’ असं ठळक लिहून द्या, पिंजऱ्याच्या चिठ्ठीवरही लिहायला लावा. पोटावर छेदाशेजारी बारीक हिरवी रेघ गोंदतात ती मात्र करून घ्यावी. त्रास काही नाही, आणि जनावर हरवून दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर पोट पुन्हा उघडायची वेळ येत नाही.

फिरती व्हॅन आणि एक दिवसाचं शिबिर

ही दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नीट बांधलेली व्हॅन म्हणजे चाकांवरचं केंद्रच. आत भुलीचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, पिंजऱ्यांच्या रांगा. तिची एकच अडचण, दुसऱ्या दिवशी ती तिथे नसते. पुढच्या तपासणीसाठी व्हॅनवाल्यांनी स्थानिक दवाखान्याशी बोलणं केलंय का, एवढं विचारलं की पुरे.

सभागृहात किंवा मांडवात भरणारं शिबिर हा सगळ्यात बेभरवशाचा पर्याय. तिथले डॉक्टर निष्णात असू शकतात. गडबड होते ती बहुधा ऑपरेशननंतर. बघायला जाल तर आधी टेबल बघू नका, जनावरं शुद्धीवर येतात तो कोपरा बघा. ती गार फरशीवर ओळीने टाकलेली असतील, जीभ दाताखाली दबलेली, शेजारी माणूस नाही, तर आपलं जनावर तिथे देऊ नये. भुलीत शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, छोटं पिल्लू आणि रोडावलेली मांजर तर झपाट्याने गार पडतात, आणि गार पडलेलं जनावर तासन्‌तास उठत नाही. खाली जाड कापड, वर पांघरूण, ऊब द्यायची काही सोय आणि एक जागता माणूस, एवढं तरी हवंच. गरम पाण्याच्या बाटल्या वापरत असतील तर त्या कापडात गुंडाळलेल्या असाव्यात. बेशुद्ध जनावर चटका बसला तरी हलत नाही, आणि पोळलेली कातडी चार दिवसांनी कळते.

गर्दीचा दुसरा धोका संसर्गाचा. कुत्र्यांत पार्वो आणि मांजरांत पॅनल्यूकोपेनिया असल्या जागी सहज पसरतात. दोन्हींच्या लसी शिबिराच्या किमान दोन आठवडे आधी झालेल्या असाव्यात. आदल्या दिवशी लस टोचून नेण्याला फारसा अर्थ नाही, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात.

चपट्या तोंडाचं जनावर शिबिरात नेऊ नका. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. नळी काढल्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं, आणि शिबिरात नेमका तोच अर्धा तास कोणाचा नसतो.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय

दर कमी, यंत्रं उत्तम, हृदयापासून रक्तापर्यंत सगळ्या तपासण्या एका आवारात. मग इथे झुंबड का नसते? कारण वेळ. आधी बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी, मग रक्त, मग तारीख, मग ऑपरेशन, असे दोन-तीन हेलपाटे पडतात. ऑपरेशन शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी करतो, त्यामुळे ते लांबतं आणि छेदही थोडा मोठा असू शकतो. तरुण, धडधाकट मांजरीसाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

पण हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येत असेल, कुत्री म्हातारी असेल, वजन फार वाढलं असेल किंवा अंडकोष पोटातच राहिला असेल, तर कमी पैशात याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. अडलेल्या अंडकोषाकडे नीट लक्ष द्या. नर पिल्लाच्या पिशवीत दोन गोळ्या हाताला लागायला हव्यात. सहा महिन्यांनंतरही एकच लागत असेल तर दुसरी जांघेत किंवा पोटात अडकलेली असते. शिबिरवाले एक तर असं जनावर परत पाठवतात, किंवा बाहेरची तेवढी काढून ‘झालं’ म्हणतात. हे दुसरं फार वाईट. आत राहिलेला अंडकोष हार्मोन तयार करतच राहतो, पुढे त्यात गाठ होण्याची शक्यता साध्या अंडकोषापेक्षा बरीच जास्त असते, आणि बाहेरून बघणाऱ्या पुढच्या डॉक्टरला कुत्रा खच्ची केलेला वाटतो. दोन्ही निघाले की नाही हे कागदावर लिहून घ्या.

नेहमीचा खासगी दवाखाना

महाग वाटतो, पण बरेच दवाखाने संस्थांच्या कुपनावर किंवा ठरावीक दिवशी सवलतीत नसबंदी करतात. हे विचारल्याशिवाय कळत नाही. जनावराचा सगळा इतिहास डॉक्टरांना माहीत, संध्याकाळी फोन उचलणारं कोणी असतं, टाके बघायला पुन्हा रांग नाही. मोठ्या जातींच्या कुत्र्यांसाठी, चपट्या तोंडाच्यांसाठी आणि पाच-सहा वर्षांपुढच्या जनावरांसाठी इथे जास्त पैसे देणं आम्हाला पटतं. सुदृढ बोक्यासाठी नाही. बोक्याचं ऑपरेशन पाच मिनिटांचं असतं. बहुतेकदा त्याच्याच नळीची गाठ मारतात आणि पिशवीवरचा बारीक छेद टाक्याविना उघडा ठेवतात, तो आपोआप भरतो. म्हणून बोक्याच्या बिलात ‘टाके काढणे’ अशी ओळ दिसली तर विचारायला हरकत नाही.

दराची तुलना करताना आत काय धरलंय ते बघावं. ‘माजावर असल्यास जादा’, ‘गाभण असल्यास जादा’, ‘इतक्या किलोच्या वर जादा’ या तिन्ही ओळी रास्त आहेत, कारण तेव्हा काम खरंच वाढतं. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि गर्भपिशवी हाताळली की फाटते. स्थूल कुत्रीत बीजकोशाची शीर चरबीत बुडालेली असते, गाठ घसरते ती बहुधा तिथेच.

काय सोडलं तर चालेल, काय नाही

सरसकट मोठ्या रक्ततपासणीचा आग्रह वर्षाच्या आतल्या खेळत्या जनावरासाठी सोडता येतो. पण गोचीड लागलेल्या कुत्र्याच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, मोजल्याशिवाय त्याला टेबलावर घेऊ देऊ नका. गोचिडांतून होणाऱ्या एर्लिकियात प्लेटलेट घटतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि पोट उघडल्यावर रक्त थांबत नाही. डॉबरमनमध्ये रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो. तिथे ओठ उलटून आतून बारीक छेद देऊन रक्त किती वेळात थांबतं ते बघतात. चाचणीला यंत्र लागत नाही, फक्त मागावी लागते.

सलाईनची अख्खी बाटली पंधरा मिनिटांच्या ऑपरेशनला नसली तरी चालते, पण शिरेत बसवलेली सुई हवी. काही बिघडलं तर औषध आत टाकायची वाट उघडी पाहिजे. रात्रभर ठेवून घेण्याचे पैसे मागत असतील तर रात्री तिथे माणूस असतो का ते आधी विचारा. कुलूप लावलेल्या दवाखान्यात एकट्याने काढलेली रात्र घरच्या रात्रीपेक्षा बरी नसते.

अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांचा पुष्कळ ठिकाणी रिवाज आहे. स्वच्छ, थोड्या वेळात झालेल्या नसबंदीला ती लागत नाहीत. जिथे ती सगळ्यांनाच सक्तीची असतात, तिथे ऑटोक्लेव्हकडे जास्त बारकाईने बघावं.

धागा हा मुद्दा बिलात दिसत नाही, आणि तोच सगळ्यात महागात पडतो. पोटातल्या गाठींना विरघळणारा, शस्त्रक्रियेचा म्हणून बनवलेला धागा हवा, पॉलिग्लॅक्टिन किंवा पॉलिडायॉक्सॅनोन यांसारखा. रेशीम किंवा तागाचा अनेक पदरी धागा जंतूंना लपायला जागा देतो. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, कुशीतून पू वाहणारं छिद्र पडतं, औषधाने भरतं, पुन्हा फुटतं. वायर बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्या वापरणाऱ्यांचीही तीच गत. धागा बाहेर काढेपर्यंत हे थांबत नाही, आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

घाईचा दुसरा परिणाम म्हणजे बीजकोशाचा तुकडा आत राहणं. उजवा बीजकोश डाव्यापेक्षा पुढे, बरगड्यांच्या बाजूला असतो आणि लहान छेदातून वर ओढायला अवघड जातो, म्हणून तो राहून जाण्याची शक्यता जास्त. नसबंदी झालेली कुत्री किंवा मांजर काही महिन्यांनी पुन्हा माजावर आल्यासारखी वागू लागली, तर ‘सवय असेल’ म्हणून सोडून देऊ नका. हार्मोनची रक्ततपासणी होते, आणि तुकडा सापडला तर तो काढावाच लागतो. नुसते बीजकोश काढावेत की गर्भपिशवीसकट, यावर लोक उगाच वाद घालतात. पिशवी निरोगी असेल तर दोन्ही पद्धती चालतात. दोन्ही बीजकोश संपूर्ण निघाले पाहिजेत, एवढं खरं.

छेद बेंबीखाली मधोमध घेतात किंवा कुशीला. दूध पाजणारी मांजर असेल तर कुशीचा बरा, फुगलेल्या स्तनांना हात लागत नाही. पण गाभण असल्याची शंका असेल तर मधोमधच. सयामी मांजरीच्या मालकांनी मात्र मनाची तयारी ठेवावी. या जातीच्या केसांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, भादरलेली जागा गार पडते आणि तिथले केस गडद उगवतात. पोटाखाली ते दिसत नाही, कुशीला काही महिने ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

माज थांबवणारी इंजेक्शनं

सगळ्यात स्वस्त दिसणारा आणि आमच्या मते सगळ्यात वाईट पर्याय. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा मेजेस्ट्रॉलच्या गोळ्या माज पुढे ढकलतात खऱ्या. पण गर्भपिशवीत पू होणं, स्तनांत गाठी, मांजरीत मधुमेह, हे सगळं या औषधांच्या मागे येतं. दर माजाला एक टोचत राहिलात तर तीन-चार वर्षांत जे ऑपरेशन टाळत होतात तेच पू भरलेल्या पिशवीवर, तातडीने, मध्यरात्रीच्या दराने करावं लागू शकतं.

नरांसाठी डेस्लोरेलिनची कातडीखाली ठेवायची कांडी मिळते. ४.७ मिलिग्रॅमची साधारण सहा महिने, ९.४ मिलिग्रॅमची वर्षभर. नसबंदीनंतर कुत्रा कसा वागेल हे आजमावायचं असेल किंवा भूल देणंच धोक्याचं असेल तर ती उपयोगी. असर यायला सहा-आठ आठवडे जातात आणि सुरुवातीला हार्मोन उलट वाढतं. कायमची सोय म्हणून मात्र दरवर्षी पैसे मोजावे लागतात. अंडकोषात टोचायच्या झिंक ग्लुकोनेटने वीर्य थांबतं, टेस्टोस्टेरॉन पुरतं जात नाही, त्यामुळे भटकणं आणि जागोजागी मुतणं सुटेलच असं नाही.

कधी करावी

मांजरीच्या बाबतीत वाट बघणं परवडत नाही. ती चार महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. पाच महिन्यांच्या आत नसबंदी व्हावी हेच बरं. २००५ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी.

कुत्र्यांत एवढं सरळ नाही. १९६९ सालचे आकडे अजून सगळीकडे फिरतात: पहिल्या माजाआधी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के. नंतरच्या परीक्षणांनी या पुराव्याला कच्चा म्हटलं आहे, पण दिशा कुणी उलटी केलेली नाही. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर काम केलं. त्यात अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आतल्या नसबंदीनंतर सांध्यांचे आजार वाढलेले दिसले, लहान जातींत तसं दिसलं नाही. व्यवहारात याचा अर्थ असा लावतात: पूर्ण वाढ झाल्यावर २० किलोच्या आत राहणारी जात असेल तर पाच-सहा महिन्यांत उरकावं. त्यापेक्षा मोठी असेल तर उंची थांबू द्यावी, म्हणजे नऊ ते पंधरा महिने.

कुत्री माजात असेल तर माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबावं. लगेच केली तर हार्मोन एकदम पडतं आणि काही कुत्र्या खोट्या गाभणपणात अडकतात, दूध येतं, खेळणी पिल्लांसारखी सांभाळतात. नराला ऑपरेशननंतर किमान महिना-दीड महिना माद्यांपासून दूर ठेवा, नळीत आधीचं वीर्य शिल्लक असतं.

आदली रात्र आणि पुढचे दहा दिवस

मोठं जनावर सहा ते आठ तास उपाशी हवं. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू दोन ते चार तासांपेक्षा जास्त नाही, त्याची साखर झपाट्याने उतरते आणि ते भुलीतून उठत नाही. पाणी सकाळपर्यंत चालतं. ‘एकच बिस्कीट दिलं’ हे लपवू नका. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, तारीख पुढे ढकलणं त्यापेक्षा किती सोपं. मांजर पिशवीत किंवा कडेवर नको, झाकणाच्या पिंजऱ्यात न्या, आणि एका पिंजऱ्यात एकच.

संध्याकाळी घरी आणल्यावर रोजच्या निम्म्याहून कमी खाणं. अंधारी, गरम, जमिनीलगतची जागा. घरातली दुसरी मांजर फिस्कारेल. तिला दवाखान्याचा वास येतो, भांडण नाही, दोन दिवस वेगळं ठेवा. वाळू किंवा दाण्यांच्या लिटरऐवजी फाटलेला कागद, म्हणजे छेदात कण जात नाहीत. हिरडी रोज बघा: गुलाबी असावी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा. पांढरीफटक हिरडी, फुगत चाललेलं पोट आणि मलूलपणा ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस साधारण धरा.

छेदाखाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ, न दुखणारा फुगवटा आला तर बहुधा पाणी साचलेलं असतं. उड्या मारल्याने येतं आणि विश्रांतीने जिरतं. सुई घालून काढायच्या भानगडीत पडू नका. फुगवटा गरम, लाल, दुखरा असेल किंवा बोटाने दाबल्यावर आत ढकलला जात असेल तर लगेच दाखवा. आत जाणारा फुगवटा म्हणजे आतले टाके सुटून आतडं बाहेर डोकावतंय.

गळ्यातला कोन, म्हणजे टाके चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर, दहा ते चौदा दिवस. तो काढायचा मोह तिसऱ्या दिवशी होतो, आणि जनावरं टाके सोडवतात तेही बहुतेक तेव्हाच, जखम खाजायला लागलेली असते. कोन नाकाच्या टोकापुढे बोटभर गेला पाहिजे, आखूड असेल तर काही उपयोग नाही. दुखतंय म्हणून घरातली गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकते, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. आंघोळ टाके निघेपर्यंत बंद. दुसऱ्या आठवड्यापासून खाणं साधारण चतुर्थांशाने कमी करा. भूक वाढते, गरज घटते, आणि ‘नसबंदीने जाडी झाली’ ही तक्रार इथूनच सुरू होते.

निघताना डिस्चार्जचा कागद मागून घ्या, छापील नसला तर हाताने लिहिलेला. त्यावर तारीख, वजन, भुलीची औषधं, काय काय काढलं आणि आतला धागा कोणता, एवढं असावं. दोन वर्षांनी कुशीतून पू आला किंवा मांजर पुन्हा ओरडायला लागली, तर नवीन डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.